मयत दत्तोबा ऊर्फ नट कुमार निशांत हयात असल्याबाबत

दि. १४ फेब्रुवारी १९९६, वेळ दुपारी १ वाजून ४० मिनिटे, पुणे शहर.

नाव मैना मच्छिंद्र भाडळे, माहेरचे नाव मैना गेनबा भोंडवे, वय ६० वर्षे, धंदा निवृत्त प्राथमिक शिक्षिका, राहणार विश्रांतवाडी, आळंदी रोड, पुणे.

मी समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगते की, वरील पत्त्यावर मी मुलगा व सून यांच्यासह राहते. माझे पती १९८३ साली वारले. मी चौतीस वर्षे शाळेत शिकवले. माझा जबाब मी सांगते त्याच शब्दांत लिहावा, अशी विनंती मी हवालदारांना केली व त्यांनी ती नाइलाजाने मान्य केली आहे.

मला सकाळी अकराला बोलावले होते. मी पावणेअकराला आले. तक्रारदार साडेबाराला आले. त्यानंतर ठाण्यातील बऱ्याच जणांना त्यांच्याबरोबर फोटो काढायचा होता, म्हणून जबाब एक चाळीसला सुरू झाला. त्यांच्यासाठी बाहेरून चहा आला. मला कोणी विचारले नाही, आणि मला नकोही होता.

तक्रारदार म्हणजे हिंदी चित्रपटांतील नट कुमार निशांत, राहणार जुहू, मुंबई. त्यांची चार पानी तक्रार मला वाचून दाखवण्यात आली. तिचा मतलब असा की, ते मांजरी गावच्या शिवारातील कै. गेनबा रावजी भोंडवे यांचे पुत्र आहेत. गेनबांच्या मृत्यूनंतर १९७८ साली वारसांची नोंद करताना मी तलाठ्यापुढे त्यांना मयत सांगितले, आणि वडिलार्जित अडीच एकर जमीन गिळंकृत केली. हे अठरा वर्षांनी आता सुचण्याचे कारणही तक्रारीत आहे. त्यांनी मुळशीकडे बारा एकर शेतजमीन घेतली आहे. शेतकरी नसलेल्याला या राज्यात शेतजमीन घेता येत नाही. सरकारने नोटीस पाठवली की, शेतकरी असल्याचा पुरावा द्या, नाहीतर खरेदी रद्द. पुरावा एकच. ते गेनबाचे वारस ठरले तर शेतकरी ठरतात. आणि गेनबाच्या वारसांच्या नोंदीत ते मेलेले आहेत.

म्हणून ठाण्याने मला दोन प्रश्न विचारले आहेत. समोर बसलेला इसम माझा भाऊ दत्तोबा आहे काय? आणि तो जिवंत असल्याचे माहीत असून मी त्याला मयत सांगितले काय? पहिल्याला हो म्हटले तर त्याची बारा एकर वाचते. दुसऱ्याला हो म्हटले तर मी आरोपी होते. दोन्हींना नाही म्हटले तर मी संध्याकाळी घरी जाऊन भाजी निवडीन, असे माझ्या मुलाच्या ओळखीच्या वकिलांनी सांगून पाठवले आहे. उत्तरे मी देणार आहे, पण आधी हकिकत लिहून घ्यावी.

आमचे वडील गेनबा व आई सोजरबाई यांना आम्ही दोघेच जगलो. दत्तोबाचा जन्म १९४१ चा. मी पाच वर्षांनी मोठी, त्यामुळे तो चालायला लागेपर्यंत माझ्याच कडेवर होता. चालायला लागल्यावरही तो शक्यतो चालत नसे. ऊसतोडीच्या दिवशी हमखास त्याच्या पोटात दुखायचे. त्याच्या अभिनयाची कारकीर्द तिथून धरावी. तेराव्या वर्षी वडिलांनी त्याला बळेच फडात उतरवले, तेव्हा कोयता डाव्या नडगीला लागला. जखम दोन बोटांची होती आणि रडणे दोन दिवसांचे. आई त्या दोन दिवसांत जेवली नाही.

१९६० साली तो मॅट्रिकला नापास झाला आणि मुंबईला गिरणीत नोकरी लागल्याचे सांगून गेला. सुरुवातीला महिन्याला एक कार्ड यायचे. नंतर दिवाळीला यायचे, मग बंदच झाले. १९६४ साली माझ्या यजमानांनी पुण्यात एका टॉकीजवर त्याचा चेहरा पाहिला. खाली नाव कुमार निशांत. आम्ही दोघे तिकीट काढून आत गेलो. अडीच तास तो डोंगरावरून पळत होता. घरात ‘हाय’ आणि ‘न्हाय’ बोलणारा आमचा दत्तू अस्खलित उर्दू बोलत होता. ते तो कष्टाने शिकला असणार, हे मी मान्य करते. आयुष्यात त्याने घेतलेले ते एकमेव कष्ट.

मी वडिलांना सांगितले. आईला सांगू नये असे वडिलांचे म्हणणे पडले, कारण आईच्या लेखी सिनेमा आणि तमाशा यांत फरक नव्हता. आईसाठी तो गिरणीतच राहिला. वस्तीवरची पोरे हडपसरला पोस्टर पाहून येत आणि नाक आपल्या दत्तूसारखे आहे म्हणत. वडील म्हणत, “आसंल कुनीतरी.”

१९६६ साली एका हिंदी सिनेमासिकात त्याची मुलाखत आली. माझ्या शाळेतील सहकारी मंदाकिनीबाई, राहणार सदाशिव पेठ, दोन मुलांची आई, ही त्याचा फोटो टेबलाच्या खणात ठेवत असे. तिने मधल्या सुट्टीत ती मुलाखत आम्हाला वाचून दाखवली. कुमार निशांत यांचा जन्म लाहोरला, जमीनदार घराण्यात. घरी चाळीस नोकर. फाळणीच्या दंगलीत आईवडील डोळ्यांदेखत मारले गेले, आणि सहाव्या वर्षी ते जगात एकटे पडले. मंदाकिनीबाई वाचताना रडत होती. मी तिला पाणी दिले.

याबाबत माझे म्हणणे असे की, १९४७ साली तो सहा वर्षांचा होता, एवढेच त्यात खरे आहे. त्या वर्षी त्याला गोवर झाला होता. माझ्या वडिलांनी आयुष्यात पाहिलेले सर्वांत लांबचे गाव जेजुरी. चाळीस नोकर सोडा, आमच्याकडे बैलजोडीतला एक बैलही चुलत्यांचा होता. मी त्या दिवशी तोंड उघडले असते तर शिक्षकांच्या खोलीत मला मान मिळाला असता. मला लाज वाटली म्हणून मी गप्प बसले. आणि खरे सांगायचे तर थोडा अभिमानही वाटत होता, त्याची आज जास्त लाज वाटते.

१९६९ च्या दिवाळीच्या सुट्टीत मी माहेरी होते. मांजरीच्या पुढे नदीकाठच्या एका शेतात सिनेमाची कंपनी आली आणि त्यात कुमार निशांत आहे, असे कळले. वडिलांनी धुतलेले धोतर नेसले आणि लाल मुंडासे बांधले. आईला म्हणाले, “बैल बघाया चाललो.” मी सोबत गेले.

त्या चित्रपटात तो गरीब शेतकरी झाला होता. नांगर चालवायचा होता. बैल शहाणे होते म्हणून नांगर सरळ चालला. बघ्यांच्या पहिल्या रांगेत वडील उभे होते. त्याने आम्हाला पाहिले आणि ओळखले, हे मी शपथेवर सांगते. पण त्याच्या बाजूला त्याच मासिकाचा माणूस कॅमेरा घेऊन उभा होता, आणि लाहोरला मेलेली माणसे मांजरीला उभी राहिली तर मोठीच अडचण होती.

कंपनीच्या कपडेवाल्याने आणलेले मुंडासे नवे कोरे होते. ते शोभेना. दिग्दर्शकाने बघ्यांत नजर फिरवली आणि वडिलांच्या डोक्याकडे बोट दाखवले. घामाने मळलेले, पावसापाण्याने रंग उतरलेले, त्यांना हवे तसेच होते. तेव्हा दत्तोबा स्वतः पुढे आला आणि हिंदीत म्हणाला, “बाबा, तुमची पगडी थोडा वेळ द्याल का?” वडिलांनी मुंडासे उतरवून दिले. ते कोणाला बांधता येईना. शेवटी वडिलांनीच त्याच्या डोक्याला बांधले. चार-पाच मिनिटे लागली. तेवढा वेळ दोघांची तोंडे एकमेकांपासून वीतभर अंतरावर होती. मासिकवाल्याने फोटो काढला. पुढे तो छापून आला, खाली मजकूर, ‘एका खेडुताकडून पगडी बांधून घेताना कुमार निशांत’. तो मी पुराव्यादाखल हजर करते.

सूर्य कलल्यावर काम संपले. तो मुंडाशासकट मोटारीत बसला आणि गेला. वडील सामान भरले जाईपर्यंत थांबले. कपडेवाला म्हणाला, पगडी अजून लागणार आहे, पुढची दृश्ये मुंबईला आहेत. मी वडिलांना म्हटले, उपरणे तरी डोक्याला गुंडाळा. ते म्हणाले, “ऱ्हाऊ दे.”

हवालदार तरुण आहेत व शहरातले आहेत, म्हणून खुलासा करते. आमच्याकडे जाणता माणूस बोडक्या डोक्याने गावातून चालत नसे. कोणी मेले तरच मुंडासे उतरायचे. वडील तिन्हीसांजेला तसे पांदीने येताना लोकांनी पाहिले, आणि आम्ही दारात पोहोचायच्या आत शेजारच्या बायका आमच्या अंगणात आल्या होत्या. आई उंबऱ्यात उभी राहिली.

“आवं, कोण गेलं?” असे तिने विचारले. मग “माझा दत्तू?” असे तिने विचारले. वडिलांनी मान हलवली. होकाराची.

मी एक हात अंतरावर उभी होते. नाही म्हणायला एक क्षण पुरला असता. पण आईने तोवर जमिनीवर अंग टाकले होते, बायकांनी गळा काढला होता, आणि वडील भिंतीला टेकून खाली बसले होते. ते खोटे बोलत आहेत असे त्यांच्याकडे बघून कोणी म्हटले नसते. मीही म्हटले नाही.

त्या रात्री आमची चूल पेटली नाही. चार घरांतून भाकऱ्या आल्या. कडू घास म्हणून शेजाऱ्यांनी तो बळेबळे आईच्या तोंडात घातला. मुलगा मुंबईत गिरणीत पट्ट्यात सापडला आणि तिकडेच उरकले, असे लोकांनी आपापसांत ठरवले. दहाव्याला वडिलांनी नदीवर पिंड ठेवला. कावळा लगेच शिवला, म्हणजे मयताची कसलीही इच्छा मागे उरली नव्हती. मयत तेव्हा मुंबईत एका नटीबरोबर कारंज्याभोवती फिरत गाणे म्हणत होता. त्याची इच्छा कशाला उरेल?

मी गप्प बसले नाही, हेही लिहावे. शाळा सुरू होताच मी मासिकात छापलेल्या त्याच्या मुंबईच्या पत्त्यावर पत्र टाकले. मजकूर मला पाठ आहे. ‘दत्तू, तुझे दहावे झाले. वडिलांचे मुंडासे घेऊन ये आणि आईला तोंड दाखव. बाकी काही मागत नाही. आक्का.’ महिन्याभराने उत्तर आले. त्याचा हसरा फोटो, त्यावर छापील सही, आणि मागे शिक्का, ‘आपल्या प्रेमाबद्दल आभारी आहे.’ हे काम त्याच्या चिटणीसाचे असेल. दुसरे पत्र मी नोंदणी करून पाठवले. दुसराही फोटो आला, तो जरा मोठा होता. दोन्ही हजर करते.

१९७७ साली वडील वारले. मी तार केली. या वेळी फोटो आला नाही.

पुढच्या वर्षी वारसाची नोंद लावायला तलाठी वस्तीवर आले. त्यांनी विचारले की, मुलगा होता ना? पंच म्हणाले की, तो वारला, आम्ही दहाव्याला होतो. तलाठ्यांनी विचारले, मयताचा दाखला? पंचांपैकी आप्पासाहेब म्हणाले की, भाकरी आमच्या घरातून गेली होती, आणखी कसला दाखला पाहिजे? तलाठ्यांनी शेवटी मला विचारले, कारण शिकलेली मी एकटीच होते. आई माझ्या शेजारी बसली होती, अंगठ्याला शाई लावून. मी सांगितले की, भाऊ मयत, अविवाहित.

मी जमिनीसाठी खोटे बोलले, असे तक्रारीत आहे. जमीन आजही पडून नाही की विकलेली नाही. तिथे ऊस आहे आणि तो चुलतभाऊ करतात. आजूबाजूला इमारती उठल्या, मला तीन बिल्डर येऊन भेटले, मी तिघांनाही चहा देऊन वाटेला लावले. खरे कारण असे की, त्या दिवशी मी तो जिवंत आहे म्हटले असते, तर तो नऊ वर्षे जिवंत असून आला नाही, हेही आईला सांगावे लागले असते. मेलेल्या मुलाची आई म्हणून ती कशीबशी सावरली होती. हे दुसरे तिला सोसले नसते.

तक्रारदाराच्या पुढील कारकिर्दीबद्दल थोडक्यात सांगते, कारण तक्रारीत त्यांनी ‘चित्रपटसृष्टीतील माझे तीस वर्षांचे योगदान’ असे अर्धे पान खर्ची घातले आहे. १९७२ नंतर तो नायक राहिला नाही. नायकाचा थोरला भाऊ झाला, मग वकील, मग न्यायाधीश. न्यायाधीश म्हणून त्याने सात-आठ चित्रपटांत हातोडी आपटली, आणि प्रत्येक वेळी निर्दोष माणसाला शिक्षा दिली. लाहोरची हवेली मात्र दर मुलाखतीत वाढत गेली. शेवटच्या मुलाखतीत तिथे हत्तीही होता.

आज ठाण्यात आल्यावर तो माझ्याजवळ येऊन बसला आणि “दीदी” म्हणाला. मी म्हटले, जबाब मराठीत आहे. तेव्हा तो म्हणाला, “आक्का, झालं गेलं ते सोड. तू फक्त हो म्हण. तुझ्यावर काही येऊ देत नाही, वरपर्यंत ओळख आहे. तक्रार लगेच मागे घेतो.” छत्तीस वर्षांत तो माझ्याशी बोललेली ही पहिली वाक्ये. मी विचारले, आणखी काही बोलायचे आहे? तो म्हणाला, मुळशीला ये एकदा, हवा चांगली आहे. त्याने दोन कप चहा घेतला. आईचे नाव काढले नाही. चार पानी तक्रारीतही आई फक्त वंशावळीत आहे, आणि तिथे सोजरबाईऐवजी सोनाबाई लिहिले आहे.

आता उत्तरे. समोर बसलेला इसम माझा सख्खा भाऊ दत्तोबा गेनबा भोंडवे आहे. डाव्या नडगीवर कोयत्याचा व्रण पाहावा. मी ओळख देते ती त्याच्या ओळखींना भिऊन नाही की त्याच्यावर माया आहे म्हणूनही नाही. तक्रारीच्या पहिल्या पानावर त्याने स्वतःच्या हाताने लिहिले आहे, ‘मी कै. गेनबा रावजी भोंडवे, शेतकरी, यांचा मुलगा’. हे लिहायला त्याला बारा एकर जमीन अडकावी लागली. पण लिहिले, आणि सरकारी कागदावर लिहिले. ते मी खोटे ठरवणार नाही. माझ्या वडिलांना त्यांचा मुलगा कागदावर तरी परत मिळू दे.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तरही हो. तो जिवंत असल्याचे माहीत असून मी त्याला मयत सांगितले. कोणी दबाव आणला नव्हता. पंचांना खरे माहीत नव्हते, त्यांना त्रास देऊ नये. कायद्याने जी शिक्षा असेल ती मी भोगीन. तक्रार मागे घेण्याची मेहेरबानी तक्रारदाराने करू नये.

आणखी एक गोष्ट कोणी विचारली नाही, ती मी आपण होऊन सांगते. वडिलांच्या मागे आई माझ्याकडे विश्रांतवाडीला राहिली. १९८८ साली टीव्हीवर रविवारी एक पौराणिक मालिका लागायची. तिच्यात दत्तोबा म्हातारा राजा झाला होता. पांढरी दाढी, डोक्यावर मुकुट. आईच्या एका डोळ्याला मोतीबिंदू होता आणि दुसऱ्याचा नुकताच काढला होता. त्या रविवारी राजाचा मुलगा लढाईत मेल्याची बातमी आली आणि राजा मुलाचे नाव घेऊन रडू लागला. पाच मिनिटे रडत होता. माझी सूनही डोळे पुसत होती. आई टीव्हीच्या अगदी जवळ सरकून बसली आणि बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, “ह्यो खोटं रडतोय गं मैना. ह्याचं लेकरू जित्तं आसनार.”

मी उठून टीव्ही बंद केला. तेव्हा खोलीत आम्ही तिघीच होतो. मी सांगू शकत होते. वीस वर्षे ती दर अमावास्येला त्याच्या नावाने दारात पान ठेवत होती आणि कावळ्यांना हाका मारत होती, हे मी डोळ्यांनी पाहत होते. तरी मी सांगितले नाही. आई पुढच्या वर्षी वारली. तलाठ्याशी खोटे बोलल्याचा गुन्हा तक्रारीत आहे. हा दुसरा तक्रारीत नाही. तोही माझ्याकडून झाला आहे, आणि याचे मला पहिल्यापेक्षा फार जास्त वाईट वाटते. कलम कोणते लावायचे ते ठाण्याने ठरवावे, पण नोंद करावी.

माझा जबाब हवालदारांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. नंतर मी चष्मा लावून स्वतः वाचला. तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर लिहिला आहे. शेवटचा भाग वाचला जात असताना तक्रारदार बाकावर बसून रडू लागले, व ठाण्यातील लोकांनी त्यांना पाणी दिले, हेही माझ्या विनंतीवरून नमूद करण्यात आले. ते रडणे खरे होते की कसे, असे हवालदारांनी मला विचारले. मला ते सांगता येत नाही. जिला सांगता आले असते ती हयात नाही.

सही
मैना मच्छिंद्र भाडळे